वाचकाचे ग्रंथपरीक्षण : ताराबाई शिंदे यांच्यापासून मुळशीपर्यंत

१

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे नाव मराठी वाचकास परिचित आहे ते मुख्यत्वे १९२१ साली तेथे झालेल्या सत्याग्रहामुळे. नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ वीजनिर्मितीसाठी टाटा कंपनीने जे धरण बांधावयास घेतले, त्याच्या पाण्याखाली मावळातील गावे व त्यांच्या भातजमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली. सेनापती बापट यांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले. तथापि लढा अयशस्वी झाला, धरण उभे राहिले आणि गावे बुडाली.

या घटनेवर पुढे ग्रंथ झाले, लेख झाले, भाषणे झाली. या साऱ्या लेखनात एक गोष्ट सहज नजरेस येते. ज्यांची जमीन गेली ते कुणबी या ग्रंथांत विषय म्हणून येतात. ग्रंथकर्ते म्हणून बहुधा येत नाहीत. ग्रंथकर्त्याची जागा त्यांस लाभली नाही. वाचकाची जागा मात्र त्यांच्या नातवा-पणतवांस लाभलेली आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर लहान गावांतूनही सरकारमान्य वाचनालये निघाली, आणि आपल्या गावाविषयी लिहिलेले पुस्तक आपणच वाचावे हा योग ज्यांच्या आजोबांस आला नव्हता त्यांस तो आला. असा एखादा वाचक त्या पुस्तकाचे परीक्षण लिहावयास बसला, तर त्या परीक्षणाची योग्यता कशावरून ठरवावी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नास दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे, की हा वाचक हितसंबंधी असल्यामुळे त्याचे लेखन ही तक्रार होय, परीक्षण नव्हे. दुसरे नेमके उलट : तो तेथलाच असल्यामुळे त्याचा शब्द अखेरचा मानावा. दोन्ही उत्तरे सोपी आहेत व दोन्ही अपुरी आहेत. ती अपुरी का, हे मराठीतील ग्रंथपरीक्षणाच्या इतिहासाकडे पाहिल्यास स्पष्ट होते. कारण ज्यांच्यावर पुस्तके लिहिली गेली त्यांनी पुस्तकांवर लिहावे, हा प्रसंग मराठीत प्रथमच येत आहे असे नाही.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. नवे पुस्तक हाती आल्यावर त्याविषयी जे लिहिले जाते त्यास मराठीत एकच नाव नाही. नियतकालिकाने पुस्तक मिळाल्याचे नुसते कळविले तर ती ‘पोच’ होय; ती बहुधा ‘साभार’ असते व तीत पुस्तकाचे नाव, पृष्ठे व किंमत यांपलीकडे काही नसते. कोणा प्रतिष्ठित गृहस्थाने चार ओळी लिहून दिल्या तर तो ‘अभिप्राय’. असे अभिप्राय ग्रंथकर्त्याने मागवावयाचे व पुस्तकाच्या आरंभी वा शेवटी छापावयाचे, ही रीत जुनी आहे. अभिप्राय देणाऱ्याची प्रतिष्ठा हेच त्याचे प्रमाण असते. कारणे देण्याचे बंधन त्याच्यावर नसते.

‘टीका’ या शब्दाचा प्रवास अधिक उद्बोधक आहे. संस्कृत परंपरेत टीका म्हणजे मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखविणारे विवरण. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे असे आपण म्हणतो तेव्हा दोषदर्शनाची छाया त्या शब्दावर नसते. आधुनिक व्यवहारात मात्र एखाद्यावर टीका करणे म्हणजे त्याचे दोष काढणे, हाच अर्थ रूढ झाला. विवरणाचा अर्थ मागे पडून दोषाचा अर्थ पुढे आला, यात एक सूचना दडलेली आहे. ग्रंथ काय म्हणतो हे सांगण्याचे काम परीक्षकाने सोडले की त्याच्या हाती केवळ दोष उरतात.

‘परीक्षण’ हा शब्द आपल्या नित्याच्या ‘पारख’ या शब्दाचा सगोत्र आहे. पारख नाण्याची, रत्नाची, बैलाची करतात. पारखी नाणे हातात घेतो, वाजवून पाहतो, वजन करतो. नाणे खोटे असल्यास ते कोठे खोटे आहे हे त्यास दाखविता आले पाहिजे, आणि दुसऱ्या पारख्याने तेच नाणे तपासले तर त्यासही ते पडताळता आले पाहिजे. अभिप्राय देणाऱ्यास अधिकार लागतो. पारख्यास कसोटी लागते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी पुस्तकांची पारख करणारे जे निर्माण झाले ते प्रथमतः अधिकारी या नात्याने निर्माण झाले. दक्षिणा प्राइझ कमिटी ही बक्षिसासाठी आलेल्या पुस्तकांची छाननी करी. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद होऊ लागली व त्या नोंदींच्या त्रैमासिक याद्या सरकारतर्फे निघू लागल्या. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने ग्रंथपरीक्षणास मासिकात हक्काचे स्थान दिले. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा नावल व नाटक यांविषयीचा निबंध १८७२ चा. कथेत जे घडते ते लोकांत घडू शकेल काय, हा प्रश्न त्याने मराठी कादंबरीपुढे ठेवला. त्यानंतर जानेवारी १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’ निघू लागली. तिचे ८४ अंक निघाले आणि परीक्षण हा वाचकांनी उत्सुकतेने वाट पाहावी असा लेखनप्रकार झाला.

चिपळूणकरांच्या परीक्षणाचे मोठे गुण निर्विवाद आहेत. ग्रंथ वाचल्याशिवाय त्यावर लिहू नये व मत दिल्यास ते समर्थनासह द्यावे, हा धडा त्यांनी घालून दिला. परंतु जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’चा (१८७३) व सत्यशोधक समाजाच्या अहवालाचा समाचार घेताना त्यांनी जे केले ते परीक्षणाच्या इतिहासात वेगळ्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जोतीरावांच्या व्याकरणातील, शुद्धलेखनातील व वाक्यरचनेतील दोष पुढे मांडून त्यांनी ग्रंथकर्त्याचा उपहास केला. प्रमाणभाषेत न बसणारी भाषा ही लिहिणाऱ्याच्या अज्ञानाची खूण, आणि अज्ञानी माणसाचे म्हणणे विचारात घेण्याचे कारण नाही, असा या युक्तिवादाचा ओघ आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने यातील गफलत उघड आहे. प्रमाणभाषा ही भाषेच्या अनेक रूपांपैकी एक असते. शाळा, छापखाना व राज्यकारभार यांनी तिला प्रतिष्ठा दिलेली असते. तिच्यापासून ढळलेले वाक्य असत्य ठरत नाही, तसेच तिच्यात चोख बसलेले वाक्य सत्यही ठरत नाही. ज्या परीक्षणाची मजल शुद्धलेखनापाशी संपते त्याने पुस्तकाचे दार वाजविले, पण आत पाऊल टाकले नाही, असेच म्हणावे लागते. या पद्धतीचा एक दूरगामी परिणाम झाला. शाळेबाहेरच्या भाषेत विचार करणाऱ्या वाचकास, आपण पुस्तकावर लिहिले तर प्रथम आपली भाषाच तपासली जाईल, अशी धास्ती बसली. ही धास्ती आजही पुरती गेलेली नाही.

४

या पार्श्वभूमीवर ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे १८८२ साली पुण्यात छापलेले पुस्तक पाहिले पाहिजे. ताराबाई वऱ्हाडातील बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. पुस्तकाचे निमित्त तत्कालीन होते. सुरत येथील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेस भ्रूणहत्येच्या आरोपावरून १८८१ साली शिक्षा झाली. त्या प्रकरणावरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीच्या नीतीविषयी जे लिहिले गेले त्यास ताराबाईंनी उत्तर दिले. हे पुस्तक स्त्रीमुक्तीच्या इतिहासात यथायोग्य स्थान पावले आहे. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा उजेडात आणले, त्यानंतर त्यावर पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्याच्या एका अंगाकडे ग्रंथपरीक्षणाच्या इतिहासकारांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे काही अंशी एका वाचक स्त्रीने केलेले ग्रंथपरीक्षण आहे.

ताराबाईंचा रोख केवळ वृत्तपत्रांवर नाही. ‘स्त्रीचरित्र’ हे कथांचे पुस्तक, ‘मनोरमा’ हे १८७१ चे नाटक, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची १८६१ ची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी, अशा त्या काळी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांचा त्यांनी नावानिशी परामर्श घेतला. या पुस्तकांत स्त्री कशी रंगविली आहे आणि घरात, माजघरात, सासुरवासात स्त्री प्रत्यक्षात कशी असते, या दोहोंत त्यांनी मेळ घालून पाहिला. स्त्रीच्या कपटाची कथा रचणाऱ्या ग्रंथकाराने त्या कथेतील पुरुषाचे वर्तन का तपासले नाही, हा त्यांचा मूळ प्रश्न आहे. मराठे यांनी दहा वर्षांपूर्वी कथेची संभवनीयता तपासली होती. ताराबाईंनी तीच कसोटी वापरली, पण ज्यांचे चित्र काढले होते त्यांच्या बाजूने वापरली. फरक कसोटीत नसून ती कोणाच्या हाती आहे यात आहे.

या परीक्षणाची बळकट बाजू कोणती? पहिली गोष्ट म्हणजे पुस्तकाचे नाव व त्यातील आक्षेपार्ह भाग समोर ठेवूनच ताराबाई बोलतात. हवेत वार करीत नाहीत. दुसरी, त्या आपला अधिकार लपवीत नाहीत व वाढवूनही सांगत नाहीत. आपण घराच्या बंधनात राहिलेली स्त्री आहोत, लेखनाचा हा पहिलाच प्रयत्न आहे, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. तिसरी, त्यांची भाषा बोलीच्या अंगाने जाणारी, म्हणींनी भरलेली आहे. ती शास्त्रीबोवांच्या परीक्षेस उतरण्यासाठी लिहिलेली नाही, आणि म्हणूनच ग्रंथांतील स्त्री व घरातील स्त्री यांतील अंतर ती भाषा स्वतःच दाखवून देते.

दुबळी बाजूही सांगितली पाहिजे. ग्रंथकारांनी समस्त स्त्रीजातीवर दोष ठेवला, म्हणून ताराबाई समस्त पुरुषजातीवर दोष ठेवतात. वादाच्या दृष्टीने हा वार नेमका बसतो. परीक्षणाच्या दृष्टीने तो ज्या चुकीवर आहे त्याच चुकीची प्रतिकृती होय. ज्या ज्या ठिकाणी त्या एका पुस्तकातील एका प्रसंगाबद्दल बोलतात तेथे त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण. जेथे त्या सर्वांबद्दल बोलतात तेथे ते सोपे. वाचकाच्या परीक्षणाचा एक नियमच यातून हाती लागतो : दुखावलेल्या वाचकाचे बळ तपशिलात असते, सामान्य विधानात ते ओसरते.

या पुस्तकाचे स्वागत झाले नाही. सत्यशोधकांच्या वर्तुळातही त्यावर नापसंती उमटली. जोतीरावांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात (१८८५) ताराबाईंची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. त्याच १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. न्यायमूर्ती रानडे यांच्या निमंत्रणास जोतीरावांनी नकार कळविला, आणि ज्या ग्रंथकारांस शूद्रातिशूद्रांच्या माणुसकीच्या हक्कांची फिकीर नाही त्यांच्या सभेत व पुस्तकांत आमचे हित कसे असेल, असा आशय त्या पत्रात मांडला. त्या पत्राचा विचार बहुधा सामाजिक इतिहासात होतो. परंतु ते एका वाचकवर्गाने ग्रंथकारवर्गाच्या कामाची केलेली पारखही आहे. एका पुस्तकाचे परीक्षण करावे तसे ते एका संपूर्ण साहित्यव्यवहाराचे परीक्षण आहे. पुढे विसाव्या शतकात दलित साहित्याच्या चळवळीत ‘अस्मितादर्श’ने लेखक-वाचक मेळावे भरविले, तेव्हा वाचकास लेखकाच्या बरोबरीने व्यासपीठावर स्थान देण्याची ही जुनी गरज संस्थेच्या रूपाने प्रकट झाली.

५

आता मुळशीच्या वाचकाकडे परत येता येईल. त्याच्यासमोर निदान दोन ग्रंथ ठेवावयाचे. पहिला विनायकराव भुस्कुटे यांचा ‘मुळशी सत्याग्रह’. भुस्कुटे हे त्या चळवळीच्या आरंभापासूनचे कार्यकर्ते. त्यांचा ग्रंथ हा आतल्या माणसाचा वृत्तांत आहे. दुसरा राजेंद्र व्होरा यांचा अभ्यास, जो मराठीत १९९४ साली व विस्तृत रूपाने इंग्रजीत २००९ साली, लेखकाच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. व्होरा हे पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. मावळच्या जमिनीत पुण्याच्या सावकारांचे हितसंबंध कसे गुंतले होते, आणि जमीन वाचविण्याचा लढा व नुकसानभरपाईचा प्रश्न यांत ताण कसा पडला, हे त्यांनी दाखविले. एक ग्रंथ चळवळीच्या निष्ठेतून, दुसरा चळवळीच्या चिकित्सेतून लिहिलेला.

मुळशीच्या वाचकास येथे काय करता येईल? प्रथमतः, दोन ग्रंथ काय म्हणतात हे त्याने ग्रंथकर्त्यांस मान्य होईल अशा शब्दांत सांगावे. टीका शब्दाचा जुना, विवरणाचा अर्थ येथे पुन्हा जागा करावा. सावकारांविषयीचे विवेचन त्यास रुचो वा न रुचो, ते नीट मांडल्याशिवाय त्यावर बोलण्याचा हक्क त्यास मिळत नाही.

त्यानंतर त्याच्या स्वतःच्या ज्ञानाचा प्रश्न येतो. ग्रंथात ‘भातजमीन’ हा एक शब्द येतो. मावळातील वाचकाच्या मनात त्या शब्दाशेजारी दुसरे शब्द उभे राहतात. भाताचे खाचर वेगळे व डोंगरउतारावरील वरकस जमीन वेगळी. खाचरातील भात विकावयाचा वा देण्यात द्यावयाचा, आणि वरकसावरील नाचणी-वरईवर घर चालवावयाचे, अशी ज्यांच्या घरची रीत होती त्यांस केवळ भाताच्या एकरांनी केलेला हिशेब अपुरा वाटेल. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याच्या हिशेबात जे बसते आणि कुटुंबाच्या वर्षाच्या हिशेबात जे बसते, त्यांतील अंतर हा वाचक दाखवू शकतो. ग्रंथालयात बसलेल्या परीक्षकास हे सहजी साधणार नाही. ग्रंथात छापलेल्या गावांच्या, वाड्यांच्या नावांची शुद्धाशुद्धता, नकाशावरील जागा, बोलीतील शब्दाचा चुकलेला अर्थ, या बाबतींतही त्याचा शब्द मोलाचा ठरेल.

परंतु येथेच काळजी घ्यावयास हवी. १९२१ चा सत्याग्रह पाहिलेले कोणी आज हयात असण्याचा संभव जवळजवळ नाही. आजचा वाचक तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आहे. विस्थापनाचे परिणाम त्याने पाहिले असतील; सत्याग्रह त्याने ऐकलेला आहे. मराठी भाषेने या भेदासाठी एक छोटा शब्द राखून ठेवला आहे : ‘म्हणे’. ‘आजोबा धरणावर बसले होते’ आणि ‘आजोबा धरणावर बसले होते म्हणे’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे, पण दुसऱ्या वाक्यात बोलणाऱ्याने आपल्या माहितीचा उगम सांगितला आहे. व्याकरणाच्या पुस्तकात या ‘म्हणे’स फारशी जागा मिळत नाही, पुराव्याच्या दृष्टीने ते फार मोठे अव्यय आहे. वाचकाने पाहिलेले, ऐकलेले व वाचलेले ही तीन प्रकारची माहिती वेगवेगळी ठेवली, ‘म्हणे’ जेथे हवे तेथे न चुकता लिहिले, तर त्याच्या परीक्षणास इतिहासाच्या साधनाची योग्यता येते. ते गाळले तर कुटुंबातील आख्यायिका पुराव्याच्या वेषात मिरवू लागते, आणि एक चूक उघड होताच त्याचे सारे खरे म्हणणेही लोक टाकून देतात.

शेवटी, जे त्यास माहीत असणे शक्य नाही तेथे थांबणे. व्होरांच्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच मुळशीची चळवळ जगातील पहिली धरणविरोधी चळवळ होय असा दावा आहे. मुळशीच्या वाचकास त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या दाव्याची पारख मुळशीत बसून होत नाही. त्यासाठी अन्य देशांतील धरणांचा इतिहास चाळावा लागतो. खाचर व वरकस यांविषयी ठामपणे बोलणाऱ्या वाचकाने या ठिकाणी हात आखडता घेतला, तर त्याच्या ठामपणाचीच किंमत वाढते.

६

या विवेचनावरून आरंभीच्या दोन उत्तरांचा निकाल लावता येतो. हितसंबंधी वाचकाचे लेखन तक्रार असते म्हणून टाकून द्यावे, हे खरे नव्हे. ताराबाईंची तक्रार होतीच, पण ग्रंथाचे नाव, प्रसंग व कारण यांसह मांडलेली तक्रार परीक्षण होऊ शकते. तो तेथलाच आहे म्हणून त्याचे म्हणणे अखेरचे, हेही खरे नव्हे. तसे मानणे म्हणजे त्यास पारख्याच्या जागेवरून उठवून पुन्हा अभिप्राय देणाऱ्या प्रतिष्ठिताच्या जागी बसविणे होय. प्रतिष्ठा पदवीची असो वा जन्मभूमीची, कारणांची जागा ती घेऊ शकत नाही.

संशोधकांच्या बाजूनेही एक कर्तव्य उरते. विद्यापीठात ग्रंथपरीक्षणे वाचली जातात ती बहुधा पंडितांनी पंडितांसाठी लिहिलेली. वाचकांनी नियतकालिकांस लिहिलेली पत्रे, तालुक्याच्या साप्ताहिकांतील पुस्तकांवरील मजकूर, वाचनालयाच्या प्रतीच्या समासात कोणी लिहून ठेवलेली दुरुस्ती, यांकडे साधन म्हणून पाहण्याची सवय अद्याप लागलेली नाही. समासातील ती दुरुस्ती अशुद्ध लिहिलेली असेल. तिच्यातील ऱ्हस्वदीर्घ चुकलेले असेल. चिपळूणकरांच्या वाटेने जाणारा परीक्षक तेथे हसून पान उलटील. परंतु एखाद्या बुडालेल्या वाडीचे नाव ग्रंथकर्त्याने चुकीचे छापले असेल आणि त्या समासात ते बरोबर लिहिलेले असेल, तर शुद्ध कोणाचे व अशुद्ध कोणाचे, हे ठरविण्याआधी ते पान पुन्हा एकदा वाचणे अवश्य आहे.